सहा प्रश्न आणि एक उमेदवार

मुलाखत हा शब्द मराठीत जुना आहे. नोकरीशी त्याचा संबंध जडला तो मात्र पुष्कळ अलीकडे. पेशवाईच्या पत्रव्यवहारात मुलाखत होते ती सरदाराची सरदाराशी, किंवा दरबारच्या वकिलाची इंग्रज रेसिडेंटाशी. तिला मुहूर्त पाहिला जाई, पोशाख आणि विडे दिले जात, कोणी किती पावले पुढे येऊन कोणाचे स्वागत करावे याचाही आधी खल होई. भेटणारे दोघेही मानाचे. चाकरी मागणारास मुलाखत कसली? त्याच्यासाठी भाषेने निराळा शब्द राखून ठेवला होता : उमेदवार. उमेद म्हणजे आशा. ती उराशी धरून जो कचेरीच्या ओटीवर बसून राहिला, तो उमेदवार.

ठाणे हे जिल्ह्याचे ठिकाण. कलेक्टरकचेरी, न्यायकचेरी, तुरुंग, टपाल अशी सरकारची सारी अंगे तेथे एकवटलेली. इंग्रजी अमलाच्या पहिल्या काही दशकांत अशा कचेऱ्यांतून विनावेतन काम करणारे तरुण नेहमीचेच होते. एखाद्या नातलग कारकुनाच्या हाताखाली बसावे, नकला कराव्यात, मोडी अक्षराला वळण आणावे, बेरजा चुकू देऊ नयेत, आणि जागा मोकळी होण्याची वाट पाहावी. त्यांची परीक्षा घटकाभराची नसे, महिनोन् महिने चाले. वरिष्ठाने एकही प्रश्न विचारू नये आणि तरीही मनुष्य पुरता पारखला जावा, अशी ती रीत. तिच्यात एक गुण होता : वरवरच्या चतुराईवर तेथे कोणाचा निभाव लागत नसे. परंतु ज्याच्या घरी दोन वेळची भाकर बाहेरच्या कमाईवाचून मिळत नसे, त्याला आशा धरून बसणेही परवडत नव्हते, हा तिचा दोष त्या गुणाहून मोठा होता.

या रीतीला पहिला धक्का दिला तो आगगाडीने. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी आली आणि पुढल्याच वर्षी रूळ कल्याणपर्यंत पोहोचले. डोंबिवली तेव्हा भातखाचरांतले लहानसे गाव होते. आज ज्या फलाटावर सकाळी पाय ठेवावयास जागा मिळत नाही, तेथे त्या काळी उतरणार कोण आणि चढणार कोण! गाडीमुळे कल्याणचा मुलगा मुंबईत नोकरी शोधून रात्री घरी जेवावयास येऊ शकला. त्याच सुमारास, १८५४ साली, टपालाचा कायदा होऊन अर्ध्या आण्यात पत्र देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊ लागले. १८५९ पासून मुंबई विश्वविद्यालयाची प्रवेशपरीक्षा सुरू झाली. कल्याणास १८६४ साली सार्वजनिक वाचनालय निघाले. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय त्यानंतरचे, १८९३ चे. गाडी, पत्र, प्रमाणपत्र आणि पुस्तक ही चार साधने हाती आली, आणि ओटीवर बसलेला उमेदवार उठून चालू लागला.

चालू लागला हे काही ठिकाणी अक्षरशः खरे होते. १८७५ साली कोकणातील मुरूडचा एक सतरा वर्षांचा मुलगा सोबत्यांबरोबर सह्याद्री चढून, शंभराहून अधिक मैल तुडवीत साताऱ्यास गेला. सरकारी नोकरीचे दार उघडणारी सहाव्या इयत्तेची परीक्षा तेथे होणार होती. तिला बसण्यास सतरा वर्षे पुरी असावी लागत. मुलाची ती भरलेली होती. परंतु अंग किरकोळ, चण लहान. कमिटीच्या अध्यक्षांनी त्याच्याकडे पाहिले आणि हा सतरा वर्षांचा दिसत नाही म्हणून त्याला परीक्षेस बसूच दिले नाही. आला तसा मुलगा परत गेला. त्याचे नाव धोंडो केशव कर्वे. पुढे त्यांनी ती परीक्षा दिली, आणि त्यानंतरचे त्यांचे चरित्र महाराष्ट्रास ठाऊक आहे.

याच्या उलट प्रकार सहा वर्षे आधी विलायतेत घडला होता. १८६९ साली सिव्हिल सर्व्हिसच्या परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या हिंदी तरुणांत सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि मुंबई इलाख्यातील श्रीपाद बाबाजी ठाकूर हे दोघे होते. वयाची मर्यादा ओलांडल्याचा ठपका ठेवून दोघांचीही नावे वगळण्यात आली. आपल्याकडे वय सांगताना चालू वर्ष धरण्याची चाल, तिकडे पुरी झालेली वर्षे मोजण्याची. एवढ्या फरकावर दोन आयुष्ये अडली. सुरेंद्रनाथांनी कोर्टात दाद मागितली आणि शेवटी दोघांनाही घेण्यात आले. एकाला चेहऱ्याने दगा दिला, दुसऱ्यांना कागदाने. उमेदवार काय जाणतो हा प्रश्न तिन्ही ठिकाणी निघालाच नाही, किंवा निघून सुटल्यावर निरुपयोगी ठरला. विचारणाराच्या मनात शंका निराळीच होती.

ही शंका ओळखणे, आणि ती त्याच्या ओठांवर येण्याआधीच तिचे उत्तर सिद्ध ठेवणे, हे त्या काळात ज्या एका उमेदवाराला साधले, ती कल्याणच्या जोशी घराण्यात वाढलेली अठरा वर्षांची मुलगी होती.

आनंदीबाई जोशी यांची कथा नाटकांतून आणि कादंबऱ्यांतून इतक्या वेळा सांगितली गेली आहे की तिच्यातील उमेदवारीचा भाग झाकूनच गेला आहे. त्यांचे माहेरचे नाव यमुना. जन्म १८६५ चा. घराणे एके काळी सुखवस्तू, पुढे ओसरलेले. नवव्या वर्षी त्यांचा विवाह गोपाळराव जोशी या टपालखात्यातील कारकुनाशी झाला. गोपाळराव बिजवर, वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठे, आणि बायकोला शिकवू दिले पाहिजे असा हट्ट धरणारे. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला आणि तो दहा दिवसांत गेला. योग्य औषधोपचार मिळता तर मूल वाचते, ही खंत त्यांच्या मनात घर करून राहिली. परपुरुष वैद्यास नाडी दाखवण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या बायका त्यांनी घरोघरी पाहिल्या होत्या. वैद्यकी शिकण्याचा निश्चय त्यांतून झाला.

गोपाळरावांच्या बदल्या होत गेल्या : अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज आणि शेवटी बंगाल. कोल्हापुरी असताना त्यांनी एक अर्ज केला, आणि तो फसला. त्याच्या फसण्यात पुष्कळ शिकण्यासारखे आहे. कोल्हापुरात पूर्वी राहून गेलेले रॉयल वाइल्डर नावाचे अमेरिकन मिशनरी त्या वेळी प्रिन्स्टन येथून एक मासिक चालवीत. आपल्या पत्नीला अमेरिकेत वैद्यक शिकावयाचे आहे, आणि आपल्यालाही तेथे काही योग्य जागा मिळेल काय, अशी विचारणा गोपाळरावांच्या पत्रात होती. एकाच पत्रात दोन मागण्या, आणि दोन्ही अशा मनुष्याकडे की ज्याचे सारे आयुष्य धर्मप्रसाराला वाहिलेले. त्याला या जोडप्याकडून काय हवे असेल याचा विचार पत्र लिहिताना झालेला दिसत नाही. उत्तर आले ते अपेक्षेप्रमाणेच : ख्रिस्ती धर्म स्वीकारणार असाल तर पाहू. ही अट जोडप्याला मान्य होण्यासारखी नव्हती.

वाइल्डरांनी हा पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला. तो अंक न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनी दाताच्या डॉक्टरकडे वाट पाहत बसल्या असता सहज चाळला आणि त्यांचे मन द्रवले. त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिले. पुढली सुमारे तीन वर्षे ही पत्रे चालू राहिली. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत.

आनंदीबाईंची खरी तयारी म्हणावयाची ती या पत्रव्यवहारात झाली. इंग्रजी सुधारले हे खरेच. पण त्याहून महत्त्वाचे असे की, परक्या देशातील, सद्बुद्धीच्या परंतु अनभिज्ञ अशा बाईला आपले घर, आपले सण, आपले विधी, आपल्याकडील बालविवाह समजावून सांगताना, त्या गोष्टींकडे बाहेरचा मनुष्य कोठे अडखळतो हे त्यांना कळत गेले. बोलण्याचा सराव पुष्कळ जण करतात. ऐकणाराच्या जागी जाऊन बसण्याचा सराव फार थोड्यांना लाभतो.

या तयारीची दुसरी बाजू लपवून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. गोपाळरावांचा हट्ट हा नुसता शब्दांचा हट्ट नव्हता. लाकडाने मारणे, खुर्च्या फेकणे, सोडून जाण्याची धमकी देणे हे प्रकार लहान वयात सोसावे लागल्याचे आनंदीबाईंनी पुढे अमेरिकेतून नवऱ्यालाच लिहिलेल्या पत्रात नमूद केले आहे. त्याच पत्रात त्या त्याचे ऋणही मान्य करतात. यश मिळाले म्हणून ती मारहाण शिक्षणाची रीत ठरत नाही. आणि मारहाण झाली म्हणून त्या मुलीची बुद्धी नवऱ्याची देणगी ठरत नाही.

१८८३ च्या आरंभी हे दांपत्य कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूर येथे होते. पत्नीने एकटीने अमेरिकेस जावे असे ठरले होते. ब्राह्मणाची सवाष्ण मुलगी, नवऱ्यावाचून, समुद्र ओलांडून, म्लेंच्छांच्या देशात! स्वकीयांचा विरोध होता आणि परकीयांचा संशय. २४ फेब्रुवारी रोजी श्रीरामपूर कॉलेजच्या दिवाणखान्यात सभा भरली आणि अठरा वर्षेही पुरी न झालेल्या आनंदीबाई इंग्रजीतून बोलावयास उभ्या राहिल्या. त्यांनी आपल्यावर येणारे आक्षेप स्वतःच गोळा केले होते, त्यांचे सहा प्रश्न केले होते, आणि एकेक प्रश्न श्रोत्यांपुढे मांडून त्याचे उत्तर दिले. जणू परीक्षकांच्या हातचा कागद उमेदवाराने स्वतःच लिहून आणला होता.

पहिला प्रश्न : अमेरिकेस जावयाचे कशासाठी? याला त्यांनी स्वतःच्या महत्त्वाकांक्षेचे उत्तर दिले नाही. हिंदुस्थानात स्त्रीवैद्यांची गरज किती आहे हे सांगितले आणि त्या कामासाठी आपण पुढे होत आहो एवढेच म्हटले. दुसरा प्रश्न स्वाभाविकच होता : येथे शिकण्याची सोय नाही काय? येथे त्यांनी चौकशी करून ठेवलेली दिसते. मद्रासचे कॉलेज आणि इतर ठिकाणचे सुईणपणाचे वर्ग यांची उणीव त्यांनी दाखवली. शिवाय जी स्त्री ख्रिस्ती नाही आणि ब्राह्मोही नाही, तिने शिकण्यासाठी घराबाहेर पाऊल टाकले तर वाटेवर लोक कसे टक लावून पाहतात आणि टवाळी करतात, हा स्वतःचा अनुभव त्यांनी निर्भीडपणे सांगितला. ज्यांच्या शहरात हे घडले ते लोक समोर बसले होते, हे विसरता कामा नये.

एकटी का, हा तिसरा प्रश्न. याचे उत्तर पैशाचे होते आणि त्यांनी ते पैशाचेच ठेवले. वृद्ध आईबाप आणि धाकटे भाऊ यांचा भार नवऱ्यावर आहे. दोघांनी जाण्याइतके द्रव्य नाही. बस्स. नोकरीच्या मुलाखतीत अडचणीच्या प्रश्नाला लांबलचक उत्तर देण्याचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही. येथे तो आवरलेला आहे.

परत आल्यावर जातीबाहेर टाकले जाईल त्याचे काय, हा चौथा प्रश्न सभेतील अर्ध्याअधिक लोकांच्या मनात असलाच पाहिजे. आनंदीबाईंनी त्याला भिडून उत्तर दिले. आपला पोषाख, आपले अन्न, आपले आचार यांत फरक न करता तेथे राहण्याचा आपला निश्चय आहे. हिंदू म्हणून जाणार आणि हिंदू म्हणूनच परत येणार. मग बहिष्कार कशाबद्दल? या एका उत्तरात वाइल्डरच्या अटीलाही उत्तर होते. सनातनी आणि मिशनरी अशा परस्परविरोधी परीक्षकांना एकाच वाक्याने जबाब मिळाला, आणि दोघांपैकी कोणाचाही अपमान झाला नाही.

पाचवा प्रश्न असा : तेथे काही अरिष्ट ओढवले तर? संकटे घरी बसलेल्यावरही येतात, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. सहाव्याचे उत्तर, म्हणजे आजवर कोणत्याही स्त्रीने केले नाही ते आपण का करावे याचे, त्यांनी समाजाचा व्यक्तीच्या श्रमावर हक्क आहे या तत्त्वावर उभारले. पूर्वी कोणी केले नाही एवढ्याने काम अनावश्यक ठरत नाही.

सभेचा परिणाम अनुकूल झाला आणि मदतही आली. ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून जहाज निघाले आणि जूनमध्ये न्यू यॉर्कच्या बंदरात कार्पेंटरबाई त्यांना उतरवून घेण्यास आल्या. पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यक कॉलेजात प्रवेश मिळवण्यासाठी त्याच महिन्याच्या अखेरीस त्यांनी जो अर्ज केला, तोही पाहण्यासारखा आहे. कॉलेजच्या सर्व अटी आपण पुऱ्या करू शकणार नाही हे त्यांनी आरंभीच कबूल केले. अज्ञान झाकण्याचा प्रयत्न नाही. मग आपला वयोमानाचा आणि अभ्यासाचा हिशेब दिला. आणि आप्तांचा व जातीचा विरोध पत्करून येथवर आणणारा निश्चय हीच आपली पात्रता समजावी, अशी विनंती केली. अपवाद मागावयाचा तर तो अपवाद आहे हे सांगूनच मागितला. कॉलेजने प्रवेश दिला, शिष्यवृत्तीही दिली.

त्या अर्जात एक वाक्य मात्र असे आहे की, पुढचा इतिहास जाणणाऱ्या वाचकाची नजर तेथे थबकते. आपली प्रकृती चांगली आहे, असे आनंदीबाईंनी लिहिले. ती चांगली नव्हती. बंगालात असतानाच अशक्तपणा, डोकेदुखी, मधून मधून ताप आणि धाप या तक्रारी सुरू झाल्या होत्या. कार्पेंटरबाईंनी अमेरिकेतून औषधे धाडली होती, त्यांचाही गुण आला नव्हता. हे वाक्य असत्य म्हणावे की आशावाद, याचा निवाडा सोपा नाही. खरे लिहिले असते तर प्रवेश मिळता की नाही, हाच प्रश्न. आजच्या उमेदवाराला आरोग्याचा दाखला डॉक्टरकडून आणावा लागतो. त्या काळी उमेदवाराच्या शब्दावर काम भागे. सारे आक्षेप आधी ओळखणाऱ्या या मुलीने एका आक्षेपाला तेवढे चकवले, आणि तो सर्वांत खरा होता.

फिलाडेल्फियाची थंडी, परके अन्न आणि न सोडलेले नऊवारी लुगडे यांनी त्यात भर घातली. अभ्यास मात्र थांबला नाही. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंतील प्रसूतिशास्त्र. पदवीदानास पंडिता रमाबाई हजर होत्या.

आणि याच वर्षी उमेदवारीला फळ आले. ज्या कोल्हापुरात पहिला अर्ज लिहिला गेला होता, त्याच कोल्हापूरच्या संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रियांच्या विभागाची मुख्य म्हणून आनंदीबाईंची नेमणूक केली. पत्रानेच विचारणा झाली आणि पत्रानेच स्वीकार. समोरासमोर कोणी काही विचारले नाही. जे विचारण्यासारखे होते ते तीन वर्षांपूर्वी श्रीरामपुरास विचारून झाले होते असे म्हणावे, तर पाचवा प्रश्न शिल्लक होता.

नोव्हेंबर १८८६ मध्ये त्या मुंबईस उतरल्या. क्षय बळावलेला होता. जातीने बहिष्कार घातला नाही. उलट लोक दर्शनाला येत. चौथ्या प्रश्नाचे उत्तर असे खरे ठरले. वैद्य, हकीम, डॉक्टर झाले. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बाविसावे वर्ष पुरे होण्यास महिनाभर अवकाश होता. श्रीरामपूरच्या सभेला त्यावेळी चार वर्षे आणि दोन दिवस झाले होते. कोल्हापूरच्या जागेवर त्या एक दिवसही रुजू होऊ शकल्या नाहीत. रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आली आणि ती न्यू यॉर्क राज्यातील पोकिप्सीच्या स्मशानभूमीत त्यांच्या कुटुंबाच्या जागेत पुरलेली आहे.

वर्षभराने कॅरोलाइन डॉल यांनी इंग्रजीत आणि १८८९ साली काशीबाई कानिटकर यांनी मराठीत त्यांचे चरित्र लिहिले. कोल्हापूरच्या त्याच रुग्णालयात विसाव्या शतकाच्या आरंभी डॉ. कृष्णाबाई केळवकर रुजू झाल्या आणि त्यांनी तेथे वर्षानुवर्षे रोगी तपासले. त्या नेमणुकीच्या वेळी स्त्रीने वैद्यकी का करावी, हा प्रश्न कोणास विचारावासा वाटला असेल असे दिसत नाही.